कोरा चाप

शौकत मुल्लाला कोणी घाबरत नाही, हे सांगलीच्या मार्केट यार्डात सगळ्यांना माहीत होतं. कायद्याला तेवढं माहीत नव्हतं.

शौकत मगदुमांच्या पेढीची हळद टेम्पोतून वाहायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, विनोद सांगताना आधी स्वतःच हसणारा माणूस. यार्डातली कुत्री त्याच्या टेम्पोच्या सावलीत झोपायची. टेम्पो काढायचा झाला की तो हॉर्न न वाजवता खाली उतरायचा आणि त्यांची समजूत घालायचा. अशा माणसाला धैर्यशील मगदूमनं म्हैसाळच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीवरच्या नाक्याजवळ, भर दुपारी गोळी घातली आणि संध्याकाळी तो घरी येऊन जेवला. पोलिसांनी त्याला सोडून दिलं होतं. पिस्तुलाचा दिवा लागला होता. म्हणजे धैर्यशील खरोखर घाबरला होता. आणि खरोखर घाबरलेल्या माणसाच्या गोळीला नव्या कायद्यात गुन्हा म्हणत नाहीत.

शर्वरीला हे फोनवर आईनं सांगितलं.

"दादा बरा आहे. वरणभात खाल्ला थोडा. तू ये."

"आणि शौकतचाचा?"

आई म्हणाली, "तू ये आधी."

शर्वरी पुण्यात होती. पिस्तुलाच्या मुठीतला दिवा नेमका कधी लागावा हे ज्या प्रयोगशाळेत ठरलं, तिथे ती नोकरीला होती. मुठीतला हिरवा प्रकाश मोजणारा भाग तिनं स्वतः तपासून पास केला होता.

केंद्र सरकारनं शस्त्रपरवान्यांचा विषय राज्यांकडे सोपवला, तेव्हा प्रत्येक राज्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणे कायदा केला. गोव्यानं बंदीच घातली. कर्नाटकानं सांगितलं, बाळगायचं तर कमरेला उघडं दिसेल असं बाळगा. महाराष्ट्रानं लपवून बाळगायला परवानगी दिली. समोरच्याच्या शर्टाखाली काय आहे हे कळत नसलं की माणसं सभ्य राहतात, असं त्या वेळच्या भाषणांत सांगितलं जायचं. फक्त एक अट होती. पिस्तुलाला भयकुलूप हवं.

भयकुलपामागचं शास्त्र तसं सरळ आहे. माणूस घाबरला की अॅड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात उसळतं आणि त्याचा अगदी लहानसा अंश तळहाताच्या घामात उतरतो. रागावला तर त्याचंच भावंड असलेलं नॉरअॅड्रेनालिन जास्त वाढतं. या दोघांचं प्रमाण पाहिलं की राग कुठे संपतो आणि भीती कुठे सुरू होते हे ठरवता येतं. मुठीवर एका रसायनाचा पातळ थर असतो. अॅड्रेनालिन त्याच्याशी संयोग पावलं की असा पदार्थ तयार होतो, ज्याच्यावर जांभळा प्रकाश टाकला तर तो हिरवा चमकतो. मुठीच्या आत जांभळा दिवा आणि हिरवी चमक मोजणारा डोळा. चमक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कुलूप उघडतं, मुठीच्या मागच्या टोकाला बारीक हिरवा दिवा लागतो आणि मगच चाप ओढल्यावर गोळी सुटते. एरवी चाप ओढला तर नुसतं 'खट्'.

रागाच्या भरात कोणी कोणाला मारणार नाही. दारू पिऊन मारणार नाही. ठरवून मारायला गेलेला थंड डोक्याचा माणूस तर अजिबात मारू शकणार नाही. शर्वरीला हे सगळं पटलं होतं, म्हणून तर तिनं ती नोकरी धरली. हत्याराला माणसाचं मन वाचता आलं तर हत्यार माणसापेक्षा शहाणं होईल, असं ती तेव्हा मैत्रिणींना सांगायची.

तिला न सुचलेली गोष्ट यार्डातल्या पोरांना पहिल्याच वर्षी सुचली. कुलूप भीतीनंच उघडत असेल, तर ते न उघडणं म्हणजे मर्दपणाचा दाखला. समोरच्यावर पिस्तूल रोखायचं, चाप ओढायचा, 'खट्' वाजलं की म्हणायचं, "बघ, तुला घाबरत नाही." याला बाजारात 'कोरा चाप' म्हणायचे. वाढदिवसाला कोरा चाप, सौदा फिसकटला की कोरा चाप. धैर्यशीलनं तर साखरपुड्यात मेहुण्यावर ओढला होता आणि सगळा मांडव हसला होता. माझ्या हातात आजवर दिवा लागलेला नाही, हे तो नव्या माणसाला ओळख करून देताना सांगायचा.

*

शर्वरी घरी पोचली तेव्हा धैर्यशील सोप्यात बसला होता. समोरचा चहा साय धरून गार झाला होता.

"आलीस? बस की," तो म्हणाला.

"काय झालं दादा?"

"काय व्हायचंय. गोकाकच्या बाजूचा माल बघायला निघालो होतो. पलीकडं आपला परवाना चालत नाही, म्हणून पिस्तूल नाक्यावर जमा करायला उतरलो. गर्दी होती. टपरीवर भडंग घेतलं, दोघांत एक. खात होतो."

"मग?"

"शौक्या सुरू झाला. छोटे मालक, म्हणाला, तुमचे वडील, अण्णा, त्यांच्या कमरेला नुसता किल्ल्यांचा जुडगा असायचा, तरी अख्खा बाजार उठून उभा राहायचा. तुम्हाला पिस्तूल लागतंय. टपरीवरची सगळी माणसं हसली."

"म्हणून गोळी घातलीस?"

"मी गोळी नाही घातली!" तो ओरडला, आणि आतून आई दारात आली. त्यानं आवाज खाली आणला. "म्हटलं, तुझ्यावर कोरा ओढू का? तर त्यानंच शर्टाची बटणं काढली. ओढा की मालक, म्हणाला. पोटावर हात मारून दाखवला. हसत होता गं शरू. मीबी हसत होतो."

"आणि दिवा?"

"उन्हात कुठं दिसतोय तो दिवा." त्यानं दोन्ही तळहात पुढे धरून बघितले. "मी घाबरलो नव्हतो. शौक्याला कोण घाबरतंय? पण पोलिसांनी पिस्तुलाची नोंद दाखवली. कुलूप उघडलेलं. ते म्हणतात, माणसाला स्वतःला कळत नाही, आतून घाबरलेला असतो. मला आता वाटायलंय, असेन मी घाबरलेला. अण्णांचं नाव काढलं म्हणून असेल. तुमचं यंत्र खोटं कशाला बोलेल?"

कुलपाच्या हजारो चाचण्या झाल्या होत्या. कुलूप न उघडण्याची चूक कधीतरी व्हायची. विनाकारण उघडण्याची एकदाही झाली नव्हती.

ती पाणी प्यायला आत गेली. देवघराच्या कोपऱ्यात दुकानाचा जुना पितळी तराजू ठेवला होता. अण्णा गेल्यापासून तो वापरात नव्हता, फक्त खंडेनवमीला पूजेला निघायचा. त्याच्या दांडीवर हळदीकुंकवाची बोटं अजून तशीच होती, सुकून तडकलेली.

शर्वरी पेला हातात धरून तिथेच उभी राहिली.

दरवर्षी खंडेनवमीची पूजा वहिनी करायची. यंदा ती बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून शर्वरी सुट्टी काढून आली होती. पाटावर सगळं ओळीनं मांडलं होतं: तराजू, विळी, हळकुंडं फोडायचा हातोडा, गाडीची किल्ली, तिचा लॅपटॉप, आणि मधोमध दादाचं पिस्तूल. आई म्हणाली होती, लोखंडाला हळद धरत नाही, नीट लाव. तिनं ओल्या हळदीची बोटं मुठीवरच्या बारीक खाचांतून दाबून फिरवली होती. घरचीच हळद, घरात सगळ्यांत भारी असायची ती.

हळदीचा भाव कशावर ठरतो, हे तिला अण्णांनी शाळेत असताना शिकवलं होतं. कुरकुमीनवर. हळदीला रंग देणारं द्रव्य. जांभळ्या प्रकाशात ते कसं चमकतं, हे दाखवायला तिनं कॉलेजात असताना घरची पूड तेलात कालवून दिव्याखाली धरली होती. सगळा वर्ग आ वासून बघत राहिला होता. हिरवीगार चमक.

जिच्या घराच्या भिंतीसुद्धा हळदीनं पिवळ्या झालेल्या, तिनं घाम, मेंदी, शाई, साबण, सगळ्यांची चाचणी घेतली होती. हळद तिच्या यादीत आलीच नव्हती. रोज हाताला असलेली गोष्ट तिला परीक्षेची वाटलीच नव्हती.

*

पुण्याला परतल्यावर तिनं प्रयोग केला. सोबत आईच्या डब्यातली हळद नेली होती. नमुन्याच्या पिस्तुलाच्या मुठीला ती ओली करून लावली, वाळू दिली, मग हातात धरली. दिवा लागला नाही. तिनं सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच क्षणी तिला कळलं की अजून एक पायरी राहिली आहे. कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही. सुकलेल्या पुडीत ते जवळजवळ निपचित पडून असतं. त्याची चमक खुलते ती तेलात.

तिनं सांगलीहून आणलेल्या भडंगाची पिशवी फोडली, मूठभर खाल्लं, आणि तेलकट बोटांनी पिस्तूल पुन्हा धरलं.

दिवा लागला. ती खुर्चीत शांत बसलेली, नाडी संथ, समोर रिकामी भिंत, आणि यंत्र सांगत होतं की ही बाई जिवाच्या भीतीनं थरथरते आहे.

तिनं हात धुतले. पुन्हा खाल्लं, पुन्हा धरलं. पुन्हा दिवा.

कुलूप उघडणारा दादा नव्हता, हे कळून तिला आधी बरं वाटलं. मग आठवलं की दादा नव्हता तर कोण होतं.

*

"म्हणजे मी भित्रा नाही!" धैर्यशील उठून उभाच राहिला. घटनेनंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग आला होता. "बघ आई, मी म्हणत नव्हतो?"

"हळू बोल," आई म्हणाली.

"दादा, मी हे कोर्टात सांगणार आहे. शौकतचाचाच्या बायकोनं दावा लावलाय. तिच्या वकिलाला भेटले मी."

मग तो सावकाश खाली बसला.

"म्हणजे मला आत घालणार तू."

"तू सांग ना मग काय झालं ते. कोरा चाप ओढत होतो, मस्करी होती, असं सांग."

"मस्करीत माणूस मारला की किती वर्षं आत जातं माहीत आहे? घोरपडे वकिलांनी सांगितलंय मला. घाबरलो होतो म्हटलं की घरी. मस्करी म्हटलं की कळंबा जेल. माझी पोरगी अजून महिन्याची नाही झालेली."

"आणि चाचाची पोरगी? तिच्या बापाला कायद्यात काय म्हणतात आता, माहीत आहे? भयकारक व्यक्ती. त्या घरातल्या कोणाला परवाना नाही, भरपाई नाही. नाक्यावर त्याच्या भावाची झडती घेतात रोज."

"तो काय मी केलेला कायदा आहे?"

"नाही. माझं यंत्र आहे."

आईनं मधे पडून शर्वरीचा हात धरला. तिची बोटं उबदार आणि खरखरीत होती. "शरू, हळद तू लावलीस ना? मग ते आपल्या घरातच राहू दे. देवाच्या कामात झालेलं आहे. त्यात कुणाचा दोष नाही."

"शौकतचाचा मेला आई. पुण्याला पहिल्यांदा गेले तेव्हा माझं सगळं सामान त्यानं टेम्पोतून नेलं होतं. वाटेत पाच ठिकाणी थांबला, मला रडू येत होतं म्हणून."

"मला आठवतंय," आई म्हणाली. "मीच पाठवला होता त्याला. पण तो गेला, आणि हा आहे."

धैर्यशील म्हणाला, "जा. सांग. बाजार म्हणेल, मगदुमाच्या बहिणीनं भावाला फासावर दिलं. तुला काय, तू पुण्याला राहतेस."

*

शौकतच्या बायकोला सगळे मुमताजभाभी म्हणायचे. तिचं घर बायपासच्या अलीकडे होतं. दारात शौकतचा टेम्पो उभा होता, टायरांतली हवा गेलेला. कुत्री अजून त्याच्याखाली झोपलेली होती.

शर्वरीनं तिला हळद, तेल, जांभळा प्रकाश, सगळं सांगितलं. मुमताजनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे तुमचे दादा घाबरले नव्हते."

"नाही."

"मला तेच ऐकायचं होतं, ताई." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "माझ्या नवऱ्याला कोंबडीबी कधी घाबरली नाही. बकरी ईदला कसायाला हाक मारायचे आणि स्वतः मागच्या दारानं निघून जायचे. आता गल्लीतली माणसं माझ्या दारावरनं जाताना आवाज बारीक करतात. सरकारनं लिहून दिलंय ना, त्याला बघून मगदूम मालक थरथर कापले म्हणून. एवढा मोठा गुंड माझ्या घरात वीस वर्षं भांडी घासत होता, मलाच कळलं नाही." ती हसली, आणि मग तिला ते हसू आवरेना.

"मी कोर्टात सांगेन भाभी."

"तुमचे दादा आत जातील?"

"जातील बहुतेक."

"मला त्यांना आत घालायचं नाही. नुसतं एकदा म्हणू देत, शौकतला मी घाबरलो नव्हतो. बस. एवढं म्हणतील?"

शर्वरीनं फोन लावला. धैर्यशीलनं उचलला नाही.

*

कोर्टात धैर्यशील पांढऱ्या शर्टात उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मी घाबरलो होतो." आजवर कोणासमोर न म्हटलेलं वाक्य होतं ते. मागच्या बाकांवर यार्डातले लोक बसले होते. त्यांतला एकही हसला नाही. कुणी हसलं असतं तर धैर्यशीलनं ते वाक्य कदाचित मागे घेतलं असतं.

मग शर्वरीची साक्ष झाली. तिनं प्रयोग समजावून सांगितला. न्यायाधीश वयस्कर बाई होत्या. त्यांनी तिला दोनदा थांबवून नीट विचारलं, पिस्तूल हातात घेऊन मुठीच्या खाचा पाहिल्या. अजूनही त्यांत पिवळं अडकलेलं होतं.

घोरपडे वकील उठले. "मॅडम, हळद तुम्हीच लावली?"

"हो."

"आणि हे कुलूप तुम्हीच पास केलं?"

"हो."

"म्हणजे जे काही चुकलं ते सगळं तुमचं. आणि शिक्षा मात्र भावाला व्हावी अशी तुमची इच्छा."

"माझी इच्छा नाही. झालं काय ते सांगते आहे."

"बाकी काही विचारायचं नाही," घोरपडे म्हणाले आणि शांतपणे बसले. त्यांना ठाऊक होतं की काही विचारायची गरज नाही.

निकाल छोटा होता. न्यायाधीशबाईंनी तो वाचण्याआधी चष्मा काढून शर्वरीकडे पाहिलं. "तुमचं शास्त्र मला पटलं आहे. पण विधिमंडळानं कुलूप उघडल्याची नोंद हा भीतीचा निर्णायक पुरावा मानला आहे. निर्णायक म्हणजे त्याविरुद्ध दुसरा पुरावा मला ऐकताच येत नाही. कुलूप का उघडलं हा प्रश्न कायद्यानं माझ्यासाठी ठेवलेलाच नाही. नाक्याची कमान ओलांडून ही घटना घडली असती, तर पलीकडच्या कोर्टात हा साधा सदोष मनुष्यवधाचा खटला झाला असता." त्यांनी चष्मा घातला. "आरोपीची भीती खरी मानण्यात येत आहे."

धैर्यशील सुटला. शौकत भयकारकच राहिला. पिस्तूल परवानाधारकाला परत देण्याचा आदेश झाला.

बाहेर मुमताज पायऱ्यांवर उभी होती. शर्वरी तिच्याजवळ गेली.

"तुम्ही खरं बोललात ताई," मुमताज म्हणाली. "आता त्याचं मी काय करू?" आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरून गेली.

*

खऱ्याचं काय करायचं ते बाजाराला बरोबर कळलं.

साक्ष सगळ्या वाहिन्यांवर दाखवली गेली होती. मुठीला हळद, हाताला तेल, की कुलूप उघडं. आणि उघडं कुलूप म्हणजे सुटका. महिन्याभरात राज्यभरातली माणसं पिस्तुलाची रोज पूजा करू लागली. देवभोळेपणाला कायदा आडवा येऊ शकत नव्हता. पुढच्या दसऱ्याआधी शर्वरीला पुण्यातल्या किराणा दुकानात एक पुडी दिसली. बारीक दळलेली, कुरकुमीनचं प्रमाण ठळक छापलेली, सोबत तेलाची इवलीशी कुपी. 'खंडेपूजा स्पेशल'. खाली लिहिलं होतं, मगदूम आणि कंपनी, मार्केट यार्ड, सांगली.

तिनं तिथेच उभं राहून फोन लावला. या वेळी धैर्यशीलनं उचलला.

"बघितलीस होय पुडी?" तो म्हणाला. "शिकलेली बहीण आहे घरात, ती फुकट घालवायची काय? तूच तर सांगितलंस भर कोर्टात. मी आपलं पाकिटात भरलं."

"दादा, माणसं मरतील याच्यानं."

"ते तुला तेव्हा सुचायला पाहिजे होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच तिला सोसवेना.

माणसं मेलीही. कोरा चाप आपोआप बंद झाला. कोणाचा चाप कोरा आहे याची खात्री राहिली नव्हती.

प्रयोगशाळेनं नवं कुलूप बनवायला घेतलं आणि ते काम शर्वरीनं मागून घेतलं. तिनं त्यात एकच बदल केला, पण तो नेमका होता. जांभळा प्रकाश बंद केल्यावर कुरकुमीनची चमक फार लवकर विझते. भीतीच्या पदार्थाची त्याहून जरा उशिरा. नवं कुलूप चमक किती आहे हे पाहायचंच नाही, ती विझायला किती वेळ लागतो ते पाहायचं. हळद, तेल, कुंकू, काहीही लावा. त्याला फक्त खरी भीती कळायची. सरकारनं जुन्या मुठी बदलून घेणं सक्तीचं केलं.

पहिल्या तक्रारी सांगलीहूनच आल्या. नवी कुलपं दिवसभर उघडी राहतात, यार्डात तर सर्रास. वरिष्ठांना वाटलं, पुन्हा काहीतरी हाताला लागलेलं असणार. शर्वरीला पाठवलं.

*

दुकानात दुपारची सामसूम होती. हमाल जेवायला गेले होते. धैर्यशीलनं आपली गादी हलवून भिंतीला पाठ लागेल अशी घातली होती. पूर्वी तो दाराकडे पाठ करून, येणाऱ्याजाणाऱ्याला न बघता हाका मारत बसायचा. आता दारातून सावली पडली तरी त्याचं बोलणं थांबायचं.

"चहा घेणार?" त्यानं विचारलं.

"आधी काम करू. हात धुऊन ये. साबणानं, दोनदा."

तो मुकाट्यानं मागच्या नळावर जाऊन आला. तिनं स्वतःच्या हातानं त्याचे तळवे स्पिरिटनं पुसले. लहानपणी तो तिच्या गुडघ्यावरच्या जखमा असाच पुसायचा. मूठही पुसली, गोळ्या काढून बाजूला ठेवल्या, जांभळ्या दिव्याखाली धरून पाहिलं. पिवळ्याचा मागमूस नव्हता.

"धर आता. निवांत बस. काही करायचं नाही."

त्यानं पिस्तूल हातात घेतलं आणि मांडीवर ठेवलं. शर्वरी समोर उभी राहिली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

दिवा लागला.

तिनं मुठीला लांब वायरनं जोडलेल्या मापकाचा आकडा पाहिला. चमक उशिरा विझत होती. तिनं थोडं थांबून पुन्हा पाहिलं. मग मापक हातात घेऊन ती मागे सरत सरत पार उंबऱ्याबाहेर गेली आणि पोत्यांच्या थप्पीआड उभी राहिली. घाम वाळायला लागतो तेवढा वेळ. आकडा उतरला. दिवा विझला.

ती पुन्हा आत आली, त्याच्या समोर, पहिल्या जागी. नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

दिवा लागला.

दोघंही त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिले. धैर्यशीलच्या कपाळावर घाम होता आणि तो पुसायला त्याचा हात उठत नव्हता. कोर्टात ते वाक्य म्हणताना होता तसाच त्याचा चेहरा झाला होता. फरक एवढाच, की या वेळी त्याला ते म्हणावं लागलं नव्हतं.

"बिघडलंय तुझं यंत्र," तो म्हणाला.

शर्वरीनं मापक बंद केलं, त्याची वायर गुंडाळली आणि पिशवीत ठेवलं.

"हो दादा," ती म्हणाली. "बिघडलंय."